कॉलेज रोडच्या आसपास ख्रिस्ती अभ्यासकेंद्र चालवायचं तर

जय ख्रिस्त.

तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं: विज्ञानाची पदवी, मग पुण्यात ईश्वरविज्ञानाचं (थिऑलॉजीचं) शिक्षण, आणि आता नाशिकमधल्या दोन-तीन मंडळ्यांच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, वडीलधाऱ्यांनी मिळून कॉलेज रोड-गंगापूर रोड परिसरात विद्यार्थी आणि प्राध्यापकांसाठी ख्रिस्ती अभ्यासकेंद्र काढायचं ठरवलंय. संचालक म्हणून तुम्हाला बोलावलंय. जागा आहे, एका वर्षापुरते पैसे आहेत. पहिल्या वर्षी नेमकं काय करायचं, ख्रिस्ती नसलेली मुलं आली तर काय, धर्मांतराचा आरोप झाला तर काय, आणि मंडळ्यांच्या अपेक्षा कशा सांभाळायच्या, हे तुमचे प्रश्न. मी याच कामात इथे बरीच वर्षं आहे, म्हणून जरा लांबून सांगतो.

ही कल्पना बाहेरून आली, हे आधी मान्य करू. स्वित्झर्लंडमधल्या एका डोंगरी गावात फ्रान्सिस आणि ईडिथ शेफर या जोडप्याने 1955 मध्ये ‘लाब्री’ या नावाने आपलं घर प्रश्न घेऊन येणाऱ्या तरुणांसाठी उघडलं. पुढे 1970 च्या दशकात अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाला लागून शार्लट्सव्हिलमध्ये एक अभ्यासकेंद्र उभं राहिलं, आणि नंतर इतर विद्यापीठांच्या शेजारीही तशी केंद्रं निघाली. विद्यापीठ विषय शिकवतं, चर्च उपासना चालवतं. वर्गात जे शिकलो आणि रविवारी जे म्हटलं त्यांचा एकमेकांशी काय संबंध, हे विचारायला मात्र कुठे जागा नसते. ती जागा केंद्राने धरायची. पण तिकडे विद्यापीठ म्हणजे एक आवार, मुलं वसतिगृहात, आणि केंद्र चालत जाण्याच्या अंतरावर. तो नकाशा नाशिकवर जसाच्या तसा बसत नाही.

आपल्याकडे बघा. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे, पण त्याचे विद्यार्थी महाराष्ट्रभर घरी बसून शिकतात. गंगापूर धरणाच्या बाजूच्या त्या आवारात तुम्हाला विद्यार्थ्यांपेक्षा कर्मचारी आणि प्राध्यापकच जास्त भेटतील. म्हसरूळचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 चं. तेही मुख्यतः संलग्नता देणारं, म्हणजे त्याची मुलं राज्यभरातल्या वैद्यकीय, दंत, नर्सिंग कॉलेजांत विखुरलेली. उरलं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, ते पुण्यात. मग ‘विद्यापीठाचा समाज’ नाशिकमध्ये राहतो कुठे? तो राहतो 1924 पासून चालू असलेल्या एचपीटी कॉलेजात, केटीएचएममध्ये, बीवायकेमध्ये, आडगाव आणि पंचवटीकडच्या इंजिनियरिंग-मेडिकल कॉलेजांत, त्र्यंबक रोडच्या खासगी विद्यापीठात, आणि या सगळ्यांच्या मधे पसरलेल्या पीजी, खोल्या आणि होस्टेलांत. आडगावचा मुलगा संध्याकाळी कॉलेज रोडला येणार नाही. आला तरी परतीच्या सिटीलिंक बसच्या वेळेकडे बघत बसेल. म्हणून पहिला निर्णय हा की आपण सगळ्या नाशिकचे नाही. ज्या दोन-तीन कॉलेजांतून मुलं पायी किंवा सायकलवर येऊ शकतात, तेवढीच आपली. बाकीच्यांसाठी वर्षातून एखादं व्याख्यान ठेवा, तेही रविवारी दुपारी.

दुसरा निर्णय, केंद्रात काय होणार नाही याचा. लोक तुमच्याकडून वसतिगृह मागतील, इंग्रजी स्पीकिंगचा क्लास मागतील, तरुण संघ मागतील, संगीताचं पथक मागतील. प्रत्येक मागणी चांगल्या मनाने येते. पण या कामाचा गाभा म्हणजे ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, एका मजकुराभोवती उघड्या दाराने चाललेलं वाचन. संचालकाने ते टेबल सांभाळायचं. त्या टेबलाला जे पूरक असेल ते ठेवा, जे त्याची वेळ खाईल ते नम्रपणे सोडा. मी जी केंद्रं बंद पडताना पाहिली त्यांतली बहुतेक माणसं नाहीत म्हणून बंद पडली नाहीत. कार्यक्रम इतके झाले की वाचायला संध्याकाळच उरली नाही, आणि मग केंद्रात आणि चर्चच्या तरुण संघात फरक काय, हे कुणालाच सांगता येईना.

टेबलावर काय वाचायचं, यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण खरं काम इथेच आहे.

पहिल्या सत्रात पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, एकच पुस्तक घ्या, छोटं. रूथ घ्या: चार अध्याय, दुष्काळात गाव सोडलेलं कुटुंब, परप्रांतातली विधवा सून, आणि कापणीनंतर शेतात पडलेली कणसं वेचायचा गरिबाचा हक्क. सुरगाणा, पेठ, कळवणकडून आलेल्या मुलांना स्थलांतर समजावून सांगावं लागत नाही. त्यांच्या घरातली माणसं दिवाळीनंतर द्राक्षबागांत कामाला खाली उतरतात. कोण वेचतं, कोण वेचू देतं, मुकादम कसा वागतो, हे ते सांगू लागले की अर्थशास्त्राचा विद्यार्थी वही काढतो. नंतर मार्ककृत शुभवर्तमान घ्या. सोळा अध्याय, वेगवान, एका सत्रात बसतं. पुढे कधी योहानकृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायाशी, ‘मी खरा द्राक्षवेल आहे’ या उताऱ्याशी, पोचाल तेव्हा निफाड-दिंडोरीच्या एखाद्या बागायतदाराच्या मुलाला बोलू द्या. द्राक्षवेलीची एप्रिलमधली खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपासची गोडी छाटणी यांत फरक काय, पहिलीत काडी तयार होते आणि दुसरीनंतर घड येतो म्हणजे काय, फळ देणारी काडीसुद्धा का कापावी लागते, हे त्याने सांगितलं की त्या उताऱ्यावरची अर्धी टीका तुम्हाला वाचावी लागणार नाही. तो मुलगा ख्रिस्ती असायची गरज नाही. आमच्याकडे तर बहुधा नसतोच.

नियम थोडे ठेवा आणि पाळा. मजकूर मोठ्याने वाचायचा. पहिली वीस मिनिटं फक्त ‘इथे काय लिहिलंय’ एवढंच, ‘मला काय वाटतं’ नंतर. कुणालाही प्रार्थना करायला सांगायचं नाही. सुरुवातीला तुम्ही एक छोटी प्रार्थना कराल, हे नव्या माणसाला दारातच सांगायचं. वेळ संपली की उठायचं, चर्चा कितीही रंगली तरी. होस्टेलची गेट बंद होतात आणि मुलींना घरून फोन येतात. साडेआठला सुटणारी बैठक साडेआठलाच सुटते हा विश्वास पालकांमध्ये बसला की मुली टिकतात. चहा द्या, जेवण देऊ नका. का, ते पुढे येतंच.

एक वर्ष झालं की पवित्र शास्त्राच्या बाहेरचे विषय आणा, पण इथल्या मातीतले. शरणपूर रोडवरून रोज हजारो मुलं जातात. 1850 च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेली शरणपूरची वसाहत तिथेच होती, आणि हिंदी महासागरातल्या गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथल्या आश्रमशाळेत सुतारकाम, लोहारकाम आणि अक्षरं शिकत होती, हे त्यांतल्या फार थोड्यांना माहीत असतं. त्यांतलाच जेकब वेनराइट. मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन 1873 मध्ये आफ्रिकेच्या मध्यात वारला, तेव्हा त्याचा देह शेकडो मैल वाहून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्या माणसांत तो होता. त्याची दैनंदिनी शिल्लक आहे, आणि 18 एप्रिल 1874 ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झालं तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत तोही होता. पुढे शरणपूरची बरीच मंडळी मोंबासाजवळ 1875 मध्ये वसलेल्या फ्रीअरटाउन या मुक्त गुलामांच्या वसाहतीत गेली. हे सांगितल्यावर एखादी इतिहासाची विद्यार्थिनी विचारतेच: मिशन आणि साम्राज्य यांचं साटंलोटं होतं की नाही? विचारू द्या. होतं तिथे होतं म्हणा, नव्हतं तिथे का नव्हतं ते दाखवा. बचावाचं वकीलपत्र घेऊन बसलात की ती पुढच्या आठवड्यात येणार नाही, आणि तिचं न येणं बरोबरच असेल.

तसंच गोदाकाठचं जलालपूर. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म तिथला. पती नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्या मात्र पाच वर्षं आपल्या मतावर ठाम राहिल्या आणि मग स्वतःच्या पायांनी त्या वाटेवर आल्या. एकाच घरात दोन श्रद्धा, सोवळं, माहेर, समाजाची बोलणी, हे सगळं कुठल्याही मराठी मुलीला चटकन कळतं. ‘ख्रिस्ती म्हणजे इंग्रजी’ ही समजूत काढायला व्याख्यान लागत नाही. टिळकांचे अभंग गाऊन दाखवा, फादर स्टीफन्सचं 1616 मध्ये छापलेलं ख्रिस्तपुराण उघडून ओव्या वाचा. टाळ-पेटी ठेवायला हरकत नाही.

आणि काळाराम. 2 मार्च 1930 ला याच शहरात मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. 13 ऑक्टोबर 1935 ला याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी धर्म सोडण्याची घोषणा केली. हा विषय केंद्रात येणारच, आणि तो आला की चर्चमधल्या जातीचाही येणार. टाळू नका. तुमच्या टेबलावर अहिल्यानगर-नाशिक पट्ट्यातली अशी मुलं असतील ज्यांचे पणजोबा दलित समाजातून ख्रिस्ती झाले. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती त्यात नाहीत. महाराष्ट्रात अशा कुटुंबांची गणना इतर मागासवर्गात होते. आदिवासी ख्रिस्ती मुलाचा अनुसूचित जमातीचा दर्जा मात्र धर्माने जात नाही. याचा परिणाम रोजच्या जगण्यावर होतो: कुणाचं नाव कागदावर एक आणि चर्चमध्ये दुसरं, कुणी फोटोत यायला नको म्हणतं. कुणालाही त्याबद्दल चारचौघांत विचारू नका. केंद्राच्या कार्यक्रमांचे मुलांचे चेहरे दिसणारे फोटो टाकूच नका. देणगीदारांना पाठवायला रिकाम्या खोलीचा आणि पुस्तकांच्या कपाटाचा फोटो पुरतो.

आता वैद्यकीय आणि नर्सिंगची मुलं. त्यांना वेळ नसतो, पण प्रश्न त्यांच्याकडेच सगळ्यात टोकदार असतात. सत्रभराचा वर्ग त्यांच्यासाठी जमत नाही. वर्षातून दोन मोठ्या बैठका घ्या आणि एकेक प्रकरण धरा. अरुणा शानबागचं प्रकरण घ्या: मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर झालेला 1973 चा हल्ला, तिथल्या परिचारिकांनी चार दशकं केलेली शुश्रूषा, दयामरणाच्या याचिकेला त्यांचाच विरोध, सर्वोच्च न्यायालयाचा 2011 चा निकाल, आणि 2018 च्या निकालाने मिळालेला सन्मानाने मरण्याचा हक्क. एक डॉक्टर, एक परिचारिका आणि तुम्ही, असे तिघं बसा. ईश्वरविज्ञान सगळ्यात शेवटी बोलू दे. परिचारिकेला मधे तोडू नका. अशा बैठकीत डॉक्टर तोडतात, ते तुम्ही आवरायचं. नाशिकमध्ये नर्सिंगला ख्रिस्ती मुलींची संख्या चांगली आहे आणि व्यासपीठावर त्यांना फार क्वचित बसवलं जातं.

ग्रंथालयाबद्दल थोडंच. 1840 पासून सार्वजनिक वाचनालय असलेल्या शहरात तुम्ही कपाटभर पुस्तकांनी कुणाला दिपवणार नाही. पवित्र शास्त्राची निरनिराळी मराठी भाषांतरं एका फळीवर ठेवा: जुनं प्रचलित, पंडिता रमाबाईंचं, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध. शब्दकोश, नकाशे, चर्चचा इतिहास, विज्ञान आणि श्रद्धेवरची निवडक इंग्रजी पुस्तकं. मिशनच्या बंगल्यांतून दान येणारी जुनी पुस्तकं सरसकट घेऊ नका. वाळवीही त्यांच्याबरोबर येते. इंग्रजी पुस्तकातलं एखादं प्रकरण चर्चेला घ्यायचं असेल तर त्याचं चार पानी मराठी टिपण स्वतः करा. हे कंटाळवाणं काम आहे, पण संचालकाच्या आठवड्यातला सर्वांत सत्कारणी लागलेला वेळ तोच. आणि फलकावर नुसतं ‘अभ्यासकेंद्र’ लिहू नका, मुक्त विद्यापीठाचे अर्ज मागायला लोक येतात. ‘ख्रिस्ती’ हा शब्द मोठ्या अक्षरात हवा.

त्यावरून तुमच्या मुख्य काळजीकडे येतो. ख्रिस्ती नसलेली मुलं येतील, बहुसंख्येने येतील, बहुतेक एमपीएससीच्या अभ्यासाला शांत जागा शोधत. दिवसा टेबलं त्यांना द्या. पण फुकट देऊ नका. आसपासच्या अभ्यासिका महिन्याला जी फी घेतात तिच्या जवळपास घ्या, पावती द्या, ख्रिस्ती आणि बाकीचे यांना एकच दर. फुकट खोली, फुकट जेवण, फीमध्ये मदत, नोकरीची शिफारस, यांतलं काहीही धार्मिक नाव लावलेल्या जागेतून गेलं की उद्या त्याला आमिष म्हणणं सोपं होतं, आणि खरं सांगायचं तर मुलाच्या मनातही ते मोकळं राहत नाही. ‘सरांनी फी भरली, आता बैठकीला कसं नाही जायचं’ हे ओझं आपण त्याच्यावर टाकता कामा नये. एखादा खरंच अडचणीत असेल तर कॉलेजच्या निधीकडे, सरकारी शिष्यवृत्तीकडे पाठवा, अर्ज भरायला बसा. पैसा केंद्रातून जाऊ देऊ नका.

राज्यघटनेचं कलम 25 श्रद्धा बाळगण्याचा, आचरण्याचा आणि प्रसाराचा हक्क देतं. सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात हेही स्पष्ट केलंय की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. या दोन्ही गोष्टी विश्वस्तांना माहीत हव्यात. राज्यातले कायदे बदलत असतात, म्हणून दर वर्षी वकिलाबरोबर एक बैठक ठेवाच. केंद्रापुरता नियम साधा: इथे बाप्तिस्मा नाही, प्रभुभोजन नाही, कसल्याही अर्जावर सही नाही. एखाद्या मुलाने विचारलं की मला ख्रिस्ती व्हायचंय, तर त्याला घाई करू देऊ नका. घरच्यांना माहीत आहे का, एखाद्या मुलीमुळे किंवा मुलामुळे आहे का, नैराश्यातून आहे का, हे शांतपणे विचारा. मग त्याने स्वतः निवडलेल्या मंडळीच्या पाळकांकडे किंवा फादरांकडे जाऊ दे. पुढचं त्यांचं आणि त्याचं. काही भाऊ याला भित्रेपणा म्हणतील. मला तसं वाटत नाही. वाचनाच्या टेबलावर बसलेल्या माणसाला आपल्याकडे सावज म्हणून कुणी बघत नाही याची खात्री हवी, नाहीतर तो प्रामाणिक प्रश्न विचारणारच नाही.

कुणी चौकशीला आलं, संघटनेचे कार्यकर्ते असोत वा पोलिस, तर बसवा, चहा द्या, रजिस्टर आणि सत्राचं वेळापत्रक दाखवा. वेळापत्रक भिंतीवर लावलेलं असतंच. वाद घालू नका आणि एकट्याने बोलू नका. एखादा विश्वस्त किंवा ज्येष्ठ प्राध्यापक बोलावून घ्या. कॉलेजच्या आवारात लेखी परवानगीशिवाय कधीही पत्रकं वाटू नका, कार्यक्रम घेऊ नका.

एक गोष्ट बहुतेक नवे संचालक विसरतात: एचपीटी, केटीएचएम, बीवायके या सगळ्यांना ज्युनियर कॉलेज आहे. अकरावी-बारावीची मुलं अल्पवयीन असतात. पालकांच्या लेखी संमतीशिवाय त्यांना बैठकीत घेऊ नका, पालक स्वतः येऊन जागा बघून गेले तर उत्तम. खोलीच्या दाराला काच हवी, मुलगी असो वा मुलगा, बंद दाराआड एकट्याशी बोलणं नको, आणि समुपदेशनाची तुमची मर्यादा कुठे संपते ते ठरवून ठेवा. आत्महत्येचे विचार बोलून दाखवणारा मुलगा मानसोपचारतज्ज्ञाकडे त्याच दिवशी जायला हवा, प्रार्थनेनंतर ‘बघू’ नव्हे. त्यासाठी शहरातल्या एका डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा.

कागदपत्रांचं. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली नोंदलेली हवी. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा. आपल्या अर्ध्या ख्रिस्ती संस्थांची भांडणं या एका न दिलेल्या अर्जातून सुरू होतात. तुमची जागा एखाद्या चर्च ट्रस्टची आहे असं दिसतं. इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने घ्यायची असेल तर कलम 36 खाली आयुक्तांची परवानगी लागते, ‘आपलीच माणसं आहेत’ म्हणून तोंडी ठेवू नका. देणगीदारांना देणगीवर आयकराची सवलत (ओळखीच्या नावाने 80जी) हवी असते. धार्मिक स्वरूपाचा खर्च उत्पन्नाच्या 5 टक्क्यांवर गेला की ती अडचणीत येते, म्हणून उद्दिष्टांत शिक्षण, ग्रंथालय, व्याख्यानं हे नेमकं लिहिलेलं असावं आणि खर्चही तसाच व्हावा. परदेशातून पैसे घ्यायचे तर एफसीआरए, म्हणजे परदेशी अंशदानाच्या कायद्याखालची नोंदणी. त्यासाठी साधारणपणे तीन वर्षांचं काम आणि त्या काळात 15 लाखांचा खर्च दाखवावा लागतो, म्हणजे नोंदणीचं ते दार तुम्हाला आत्ता बंदच आहे. दुबईतला आपला भारतीय नागरिक स्वतःच्या बचतीतून देतो ते परदेशी अंशदान नाही. पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या मामांचा चेक आहे. हा फरक खजिनदाराला पाठ करून घ्यायला लावा. मला विचाराल तर परदेशी पैसा नसणं पहिल्या वर्षांत बरंच: जागेचं भाडं आणि एक पगार नाशिकमधली शंभर ख्रिस्ती कुटुंबं उचलू शकत नसतील, तर केंद्र नाशिकला हवंय की नाही हाच प्रश्न आहे.

मंडळ्यांचं राजकारण तुम्हाला माझ्यापेक्षा कमी माहीत असेल असं नाही. नाशिकमध्ये सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं) डायसिस, म्हणजे धर्मप्रांत, 1987 पासूनचं कॅथलिक डायसिस, शिवाय स्वतंत्र मंडळ्या. रविवारी सकाळी केंद्र बंद. ईस्टरआधीच्या उपवासकाळात आणि नाताळच्या आठवड्यात नवा कार्यक्रम नाही. मुलांनी आपापल्या चर्चमध्ये असावं. विश्वस्तांत एकाच मंडळीचं बहुमत नको, निदान अर्धे लोक शिकवणारे किंवा शिकवून निवृत्त झालेले हवेत, आणि संचालकाचा नातेवाईक एकही नको. कुणी पाळकसाहेब म्हणाले की आमची मुलं तुमच्याकडे येऊन प्रश्न विचारायला लागली, तर ती तक्रार आहे की कौतुक हे त्यांनाच हसत हसत विचारा. मी विचारत आलोय, बहुतेक वेळा चहा येतो.

विद्यार्थी तीन वर्षांत जातात. टिकतात ते प्राध्यापक. म्हणून पहिल्या वर्षातला तुमचा निम्मा वेळ मुलांवर नाही, प्राध्यापकांवर घालवा. प्रत्येक कॉलेजात दोन-चार ख्रिस्ती शिक्षक असतात, एकमेकांना न ओळखणारे, स्टाफरूममध्ये गप्प राहणारे. त्यांना महिन्यातून एका शनिवारी दुपारी जमवा. विषय त्यांच्याच क्षेत्रातला: रसायनशास्त्राच्या बाई त्यांच्या संशोधनाबद्दल बोलतील, मुक्त विद्यापीठातले सर दूरशिक्षणातल्या गळतीबद्दल. त्यात शास्त्रवचन ओढूनताणून आणू नका. काही महिन्यांनी ते स्वतःच विचारू लागतात की माझ्या कामाचा आणि माझ्या विश्वासाचा संबंध काय. पुढच्या वर्षीचे व्याख्याते आणि पुढचे विश्वस्त यांच्यातूनच निघतात, आणि तुम्ही आजारी पडलात तर त्या आठवड्याची बैठक तेच घेतात.

वेळापत्रक आखताना परीक्षा, गणपती, नवरात्र, दिवाळी आधी काढून टाका. उरलेल्या आठवड्यांत एक दहा-बारा आठवड्यांचं सत्र पावसाळ्यात आणि दुसरं जानेवारीपासून, एवढंच नीट बसतं. 2027 चा सिंहस्थ आहे. पर्वण्यांच्या आठवड्यांत रस्ते बंद असतील, खोल्यांची भाडी वाढतील, कॉलेजांचं वेळापत्रक हलेल. त्या सत्राचा हट्ट धरू नका. घरमालकाशी भाड्याचं मात्र आत्ताच लेखी करून घ्या.

अहवालात काय लिहायचं, हेही तुम्ही विचारलंत. देणगीदार आकडा मागतात. सहा जण आले की बैठक पडली असं त्यांना वाटतं. सहा जणांनी मार्क शेवटपर्यंत वाचला हे माझ्या मते भरलेलं सत्र. अहवालात कोणता ग्रंथ पूर्ण झाला, कोणती टिपणं मराठीत आली, किती पुस्तकं वाचायला गेली, कोणत्या विद्यार्थ्याने स्वतः बैठक चालवली (नाव न देता), आणि हिशेब, एवढं पुरे. ‘किती जण प्रभूकडे आले’ हा रकाना फॉर्ममध्ये असेल तर तो रिकामा ठेवा आणि का ठेवला ते दोन ओळींत लिहा.

हो म्हणण्याआधी नेमणूकपत्रात चार गोष्टी लिहून घ्या. मुदत किमान तीन वर्षं, कारण पहिल्या वर्षी काहीच दिसत नाही. पगार कनिष्ठ महाविद्यालयातल्या शिक्षकाच्या निम्म्याहून खाली नको. ‘सेवा आहे’ म्हणून त्याहून कमी देणाऱ्या समित्यांचे संचालक मी शिकवण्या घेताना पाहिलेत, आणि शिकवणीची वेळ नेमकी संध्याकाळचीच असते. आठवड्यातून तीन सकाळी तुमच्या स्वतःच्या वाचनासाठी, त्या वेळेत समितीच्या कामाचे फोन नाहीत. आणि कार्यक्रम काय घ्यायचा हे संचालक ठरवेल, समिती वर्षातून एकदा त्याची तपासणी करेल. पहिल्या तीनवर त्यांनी घासाघीस केली तर थोडं मागे-पुढे व्हा. चौथ्यावर अडले तर नाही म्हणा. पुण्यात तुम्हाला दुसरं काम मिळेल.